पाणी भरायच्या वेळेला

आये, तुला लिहायला बसले आणि पहिलं मनात आलं ते हे की तू विचारशील, "आता काय पाडलंस गो?" घरात काही वाजलं की तुझा हाच प्रश्न असायचा, मांजरीनं मांडणीवरचं ताट पाडलं तरी. आता माझं कामच कुणाला पडू न द्यायचं झालंय. उमरोळीच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे, तिथे मी दिवसपाळीला जाते. बावीस म्हातारी माणसं, आम्ही तिघी बाया आणि वर एक मॅडम. फरशी पुसली की ती सुकेपर्यंत मी दारात उभी राहते, कुणाला पाय टाकू देत नाही. कुणाची साडी लोळतेय, कुणाच्या चपलेचा तळ झिजून गुळगुळीत झालाय, कुणाचा चष्मा उशाशी नाही, कुणाला नवी गोळी सुरू झाली आणि तिनं गरगरतंय, सगळं माझ्या डोक्यात असतं. उठलात की लगेच चालायचं नाही, खाटेच्या काठावर बसायचं, दम घ्यायचा, मग उभं राहायचं, हे मी इतक्यांदा बोलते की एक निवृत्त गुरुजी आहेत ते मला बघून म्हणतात, "आले हवालदार." म्हणू देत. कुणाचा वॉकर भिंतीला आपटला तरी हातातलं टाकून मी धावते. मॅडमना वाटतं मी कामसू आहे. कामसू कसली, मी घाबरलेली आहे, गेली एकवीस वर्षं.

का, ते तुला माहीत आहे. तिसऱ्या कुणाला नाही, भावालाही नाही. तू वलांडीवर बोंबील सुकत घालायचीस तेव्हा मी रांगत पाण्याकडे जायचे, म्हणून तू माझ्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक वलांडीच्या बांबूला अडकवायचीस. किनाऱ्यावर सगळ्याच बाया असं करायच्या, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. पोर वाळूत खेळायचं, आईचे दोन्ही हात मोकळे राहायचे. मला ते आठवत नाही, तूच हसत सांगायचीस. मग तुझे गुडघे गेले, उठलं की तोल जायला लागला, दोनदा चुलीवर पडता पडता वाचलीस. भाऊ बोटीवर, मी तारापूरच्या कंपनीत पॅकिंगला, घरात दुसरं माणूस नाही. सकाळी पाळी गाठायची तर तुला कुणावर टाकून जाऊ? मीच म्हटलं, आये, तुझा पाय खाटेला बांधून ठेवू का, हलकाच, मी येईपर्यंत? तू रागावशील असं वाटलं होतं. तू हसलीस. "बांध की. मी तुला बांधायची, आता तू मला बांध." आणि पाय पुढे केलास. मी तूच शिकवलेली गाठ मारली, ओढली की आवळणारी आणि शेवट खेचला की सुटणारी. शेवट मात्र खाटेखाली घेतला, तुझा हात पोचणार नाही असा. दोरी एवढी लांब ठेवली की काठावर बसता यावं. भांडं आणि पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला, वाटीत दोन खजूर ठेवले. महिनाभर आपलं छान चाललं होतं. संध्याकाळी मी आले की तू म्हणायचीस, "सोडा आता कैद्याला."

मग तो दिवस. साडेतीनला पाळी सुटते, सव्वाचारला मी दार उघडते. तू जमिनीवर आहेस. एक पाय वर खाटेला लटकलाय, दोरी ताणलेली, कंबर वाकडी झालेली. तू शुद्धीवर आहेस, माझ्याकडेच बघतेस. आये, मी आधी तुला उचललं नाही. मी आधी दोरी सोडली, चुलीत घातली, ती जळतेय एवढं बघितलं, आणि मग शेजारी हाक मारली. पालघरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं म्हणून विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "न्हाणीत पाय सरकला." खुब्याचं हाड मोडलं होतं. अकराव्या दिवशी तू गेलीस. त्या अकरा दिवसांत मी तुला पेज भरवली, केस विंचरले, पण कशाला उठलीस ते विचारलं नाही. विचारलं असतं तर दोरीचं नाव निघालं असतं.

आता आमच्याकडे एडवणच्या एक आजी आल्यात. तुझ्यासारखीच जन्मभर मासळीची पाटी डोक्यावर. बोलतात कमी, विसरतात फार, भेटायला आलेल्या मुलाला बाप समजतात. मुलगा बोटीवर असतो, सून वारली, म्हणून इथे. गेल्या आठवड्यात एका दुपारी दीड वाजता त्या खाटेवरून उठल्या आणि दारापाशी बुडावर बसल्या. लागलं नाही. मॅडमनी वहीत लिहिलं, बाथरूमला जाण्यासाठी उठल्या. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना एक वाजताच बाथरूमला नेऊन आणलं, पायात रबरी तळाच्या चपला घातल्या, खाट खाली केली. दीडला गाढ झोप. मी पुढच्या कामाला लागले. सव्वादोनला माझ्या जोडीची बोईसरची बाई आतून म्हणाली, "दीदी, ये फिर उठ गयी." बघते तर म्हातारी पडदा धरून उभी, अनवाणी. तिसऱ्या दिवशी तीन वाजता पडल्या त्या थेट टेबलाच्या कोपऱ्यावर. भुवई फुटली, तीन टाके पडले. रक्त थांबलं तरी मी तीच जागा पुसत राहिले, शेवटी मॅडमनी कापूस काढून घेतला.

संध्याकाळी मॅडमनी मला बोलावलं. बाई वाईट नाही, पण तीही घाबरलेलीच. "ताई, मला त्यांच्या मुलाला तोंड द्यायचंय. आणखी एकदा पडल्या तर एक तर घेऊन जा म्हणून सांगावं लागेल, नाही तर खाटेला पट्टा लावू. मऊ असतात हो, त्रास नाही होत." पट्टा म्हटल्याबरोबर मी टेबलावरची वही उचलली. मी म्हटलं, "मला आठ दिवस द्या, मी बघते." "काय बघणार तुम्ही?" ते मला कुठे माहीत होतं?

वही घेऊन बसले. दीड, सव्वादोन, तीन. दुसरं कुणीही म्हणेल, म्हातारीचा काही नेम नाही. पण रोज बरोबर पाऊण तास पुढे काय सरकतं, हे आपल्या घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की खाडीत पाणी भरायची, भरतीची वेळ, हे मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी तूच शिकवलं होतंस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघितलं. द्वितीया, तृतीया, चतुर्थी. म्हातारी बाथरूमला उठतच नव्हती. पाणी भरलं, होड्या आत यायच्या, पाटी घेऊन धक्क्यावर जायचं, म्हणून उठत होती. पोटच्या मुलाला ओळखत नाही, खिडकीतून दिसते ती सगळी भातशेती, तरी पाण्याची वेळ तिच्या अंगात होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी खुर्चीतच बसून राहिले, कारण लगेच तुझा तो दिवस समोर आला. त्या दिवशी संकष्टी होती, कंपनीत मी डबा उघडला नव्हता. चतुर्थी, म्हणजे तीन. भाऊ त्याच पाण्याला परत यायचा होता. एकवीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू झोपेत होतीस, पायात दोरी आहे हे विसरलीस. तू काही विसरली नव्हतीस गो, तुला कामावर जायचं होतं. आणि तीनला पडलीस तर सव्वाचारपर्यंत तू तशीच लटकून होतीस. हे मी पूर्वी कधी मोजलं नव्हतं.

मग मी पाण्याच्या वेळा धरून चालायला लागले. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच. अर्धा तास आधी आजींच्या खाटेपाशी जायचं, चपला घालायच्या, काठावर बसवायचं, मग वॉकर देऊन हळूहळू ओटीवर आणून खुर्चीत बसवायचं. मांडीवर वाल घातलेलं सूप द्यायचं, निवडायला. त्या वाल निवडता निवडता फाटकाकडे बघतात. "लागली काय होडी?" "नाय अजून, वारा पडलाय." "बाकीच्या बाया कुठं?" "येतात मागून." खोटं बोलते, पण ते खोटं वाटत नाही. पाऊण तासानं त्या आपणच म्हणतात, "चल, आज काय नाय," आणि शहाण्यासारख्या खाटेवर येऊन पडतात. तीन दिवस एकदाही धडपडल्या नाहीत. मॅडम हसल्या, "आता तिथी बघून ड्युटी लावायची का?" पण फळ्यावर त्यांनी स्वतः वेळा लिहिल्या. रात्रपाळीच्या बाईलाही सांगून झालं.

काल अष्टमी होती. पाणी सहाला. माझी सुट्टीही सहाला. पाच वाजता एका आजोबांना धाप लागली, मॅडम आणि बोईसरची बाई त्यांना घेऊन पालघरला गेल्या. रात्रीची बाई यायची होती, तिची गाडी रखडलेली. म्हणजे एकवीस माणसांत मी एकटी. साडेपाचला आजींना न्यायला गेले, एवढ्यात बाथरूममधून गुरुजींची हाक, "ताई, मला उठता येत नाही हो." आवाज नेहमीचा नव्हता. इकडे आजी काठावर बसून पायानं चपला चाचपतायत. मी म्हटलं, "आजी, पाच मिनिटं बसा, मी आले." "पानी भरलं गो," त्या म्हणाल्या आणि उठू लागल्या. मी खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं, त्या पुन्हा उठल्या. गुरुजींनी पुन्हा हाक मारली. आये, मी गळ्यातली ओढणी काढली आणि आजींचा पाय खाटेला बांधला. विचार केला नाही. हातानं आपोआप तुझीच गाठ मारली, शेवट खाटेखाली.

गुरुजी पडले नव्हते, पायात मुंग्या येऊन अडकले होते. त्यांना उठवून, धुऊन, खुर्चीत बसवून येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली. आजी पडल्या नव्हत्या. काठावर बसून वाकून त्या गाठीवरून बोटं फिरवत होत्या. मला बघून त्यांनी रागावायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "ही आपल्यातली गाठ हाय. कोणाची गो तू?" मी तुझं नाव सांगितलं. बाहेर कुणापुढे ते किती वर्षांनी घेतलं कोण जाणे. त्यांनी ओळखलं असं काही नाही, नुसती मान हलवली. "सोड आता. पानी उतरलं असंल." मी सोडलं. घोट्यावर बारीक लाल वळ होता, तिथे तेल चोळलं.

वहीत मी काहीच लिहिलं नाही. लिहिलं तर मॅडम म्हणतील, बघा, बांधलं तर पडत नाहीत, आणि मग रोजचंच होईल. नाही लिहिलं तर मी पुन्हा तशीच, दोरी चुलीत घालणारी. काल निघायच्या आधी दोनदा पेन घेऊन बसले होते. आज नवमी, पाणी पावणेसातला. माझी पाळी सहाला संपते, पण मी साडेसातपर्यंत थांबते असं मॅडमना फोन करून सांगितलंय. उद्या साडेसात, परवा सव्वाआठ, किती दिवस थांबणार ते मलाही माहीत नाही. आता निघायला हवं. हा कागद तुला कुठे पाठवू? घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवते, तिथे कुणी बघत नाही.

एक राहिलं. काल ती गाठ आवळली तेव्हा मी घाबरले नव्हते, आये. गुरुजींचे पाय मी सावकाश धुतले, बोटांमधून टॉवेल फिरवून कोरडे केले, त्यांच्याशी दोन शब्द बोलले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझी छाती धडधडत नव्हती.