न पुसता पुसू नये

मी, साहेबराव किसन वाघमारे, वय एकाहत्तर, निवृत्त टूलरूम फिटर, मूळचा लातूर जिल्ह्यातला, हल्ली राहणार काळेवाडी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांचा दाखला त्यांनी दिला नाही, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. वकीलबाईंचा मसुदा फार कोरडा निघाला, म्हणून त्यातले कायद्याचे तेवढे ठेवून बाकीचे मी माझ्या शब्दांत लिहिले आहे. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचे वाचनालयात शिकलो. चूकभूल पोटात घालावी.

माझी पत्नी कस्तुरा दोन वर्षांपूर्वी गेली. मला दोन मुले. थोरला धम्मरत्न चाकणला कंपनीत असतो आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमावाला होतो. धाकटी मिनल निगडीला राहते, शाळेत शिकवते. दोघेही गुणी आहेत. दोघांचीही मान त्यांच्या आईवर गेली आहे. एकदा ताठली की लवत नाही.

कलम पहिले : घर. काळेवाडीचे घर दोघांचे, निम्मे-निम्मे. खालची खोली मिनलची, वरची धम्मरत्नची, जिना दोघांचा. "मुलीला दिल्या घरी सगळं मिळतं, तिला वाटा कशाला," असे गावाकडच्या माझ्या चुलतभावाने मला तोंडावर सांगितले होते. त्याला या कलमाची एक प्रत पाठवावी.

कलम दुसरे : बँकेतली ठेव दोघांत सारखी वाटावी. त्याआधी विहाराच्या अभ्यासिकेला चांगले पंखे घेऊन द्यावेत. तिथले आताचे पंखे वारा कमी देतात आणि भाषण जास्त.

कलम तिसरे : हत्यारे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, कानसी आणि ड्रिलचा डबा मिनलला. लहानपणी ती भातुकली सोडून ड्रिल लहान-मोठी अशी ओळीने लावत बसायची. कस्तुराची भांडीकुंडी धम्मरत्नला, कारण घरात स्वयंपाक तोच बरा करतो. माझी शिडी दत्तोबाकडे आहे. दत्तोबा माझा टूलरूममधला जुना सोबती. शिडी परत मागू नये; तिची एक पायरी त्याने मोडली आहे आणि तो नाही म्हणतो. बघू, किती वर चढतो ते.

कलम चौथे : सिनेमा. वकीलबाई म्हणाल्या, हे मृत्युपत्रात कशाला? पण ज्याच्यापायी माझी दोन पोरे एकमेकांशी बोलत नाहीत तेच वगळायचे, तर मी लिहायला बसलो कशाला?

धम्मरत्नने मित्र जमवून 'चाळण' नावाचा सिनेमा काढला. गोष्ट पुढच्या काळातली. निघोजेजवळच्या एका कारखान्यात शिफ्ट सुटताना कामगाराने डोक्यावर टोपी घालायची. त्याच्या आठवणी यंत्रात उतरतात. मग यंत्रावरचा माणूस नको त्या कापतो, बऱ्या तेवढ्या जोडतो आणि परत डोक्यात भरतो. दुसऱ्या दिवशी कामगार हसत कामावर हजर. त्यात एक बाई असते, तिला तिची कापलेली आठवण परत हवी असते. ती बाई कस्तुरा झाली. यंत्रावरचा माणूस दत्तोबा झाला आणि सिनेमा आपल्यामुळे चालला असे तो अजून सांगत फिरतो. टोपी मी केली, घरातल्या स्टीलच्या चाळणीला वायरी आणि जुने डायल लावून. कस्तुराला तेवढे दिवस तांदूळ हाताने निथळावे लागले आणि ते तिने मला रोज ऐकवले.

धम्मरत्नने आईला सांगितले होते की पाठ करून बोलू नकोस, तुझी खरी आठवण सांग. तिने मिनलच्या जन्माची सांगितली. म्हणाली, "पोरगी झाली तवा हे आलेच न्हाईत. मी दाराकडं बघून बघून दमले." धम्मरत्न कॅमेरा थांबवायचे विसरला.

पुढे प्रीतम नावाचा मुलगा सिनेमा जोडायला बसला. प्राधिकरणातल्या बंगल्यात वाढलेला, पुस्तकी मराठी बोलणारा, अतिशय नम्र पोरगा. त्याला वाटले, हा प्रसंग लांबला. धम्मरत्नचा फोन कंपनीच्या गेटवर जमा, म्हणून त्याने मला फोन करून काय करू म्हणून विचारले. मी म्हणालो, "कस्तुराला पुस."

आमच्याकडे पुसणे म्हणजे विचारणे. त्याच्याकडे पुसणे म्हणजे फळा पुसणे. त्याने आज्ञा पाळली आणि कस्तुराला पुसून टाकले.

संध्याकाळी तो पांढरा पडून घरी आला. कस्तुराने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "यंत्र कशाला करत बसलाव? हे नुसते बोलले तरी काम व्हतंय."

तो प्रसंग परत घ्यावा लागला. या वेळी ती म्हणाली, "पोरगी झाली तवा हे आले व्हते. अंगावर कंपनीचाच ड्रेस. दारात उभे व्हते." सिनेमात हेच आहे. विहाराच्या हॉलमध्ये दाखवला तेव्हा मिनल रडली.

कस्तुरा गेल्यावर, शूटिंगला बाजूला लावून ठेवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या कार्डात तिचे पहिले बोलणे सापडले. विहारात तिच्यासाठी पुण्यानुमोदन झाले त्या दिवशी धम्मरत्नने बहिणीला सांगितले की सिनेमा बाहेर महोत्सवांना पाठवताना तेच घालणार, आई पहिल्यांदा बोलली ते खरे. मिनल म्हणाली, "माझ्या जन्माची गोष्ट आहे, दादा. आईनं शेवटी जे सांगितलं ते तू कापायचं नाहीस." त्या दिवसापासून दोघे बोलत नाहीत. सणाला एकत्र आले तरी माझ्याशीच बोलतात, मी मधला निरोप्या असल्यासारखे.

खरे काय ते लिहून ठेवतो. मी गेलो होतो. ओव्हरटाइम करून सकाळी दवाखान्यात पोहोचलो. सिस्टरने बाहेर थांबायला सांगितले, बाकड्यावर टेकलो आणि तिथेच डोळा लागला. जाग आली तेव्हा माय-लेकी दोघी झोपल्या होत्या. दारातून पाहिले आणि परत कामावर गेलो, कारण सुट्टी मिळाली नव्हती. आता झोपलेला माणूस आला होता की नव्हता, हे कोणत्या कोर्टाने ठरवायचे? कस्तुराला हे मी तेव्हाच सांगितले होते. तेव्हा तिला पटले नव्हते.

दोन वेळा दोन तऱ्हा का सांगितल्यास, असे मी तिला नंतर विचारले. भाकरी थापता थापता म्हणाली, "पयलं सांगितलं ते त्या दिवसाचं व्हतं. दुसरं सांगितलं ते एवढ्या वरसांचं. दोनी माझंच हाय."

म्हणून माझी इच्छा अशी : कस्तुराची दोन्ही बोलणी, ज्या ज्या कार्डात असतील ती, धम्मरत्न आणि मिनल यांच्या सामाईक मालकीची. सिनेमात कोणते घालायचे, की दोन्ही, ते दोघांनी एकत्र बसून ठरवावे. एकाने दुसऱ्याला न पुसता त्यातले काहीही पुसू नये. वकीलबाई म्हणाल्या, शब्द संदिग्ध आहे, 'संमतीशिवाय नष्ट करू नये' असे लिहा. तर तेही लिहिले असे समजावे. पण माझा शब्द राहू द्यावा, तो कस्तुराला महागात पडलेला आहे.

टोपी प्रीतमला. चाळण म्हणून वापरायची असेल तर आधी वायरी काढाव्यात.

कलम पाचवे : हे सर्व अमलात आणायला मी धम्मरत्न आणि मिनल यांना मिळून नेमतो. एकट्याची सही चालणार नाही. नेमणुकीला त्यांचा होकार हवा, म्हणून धम्मरत्नला हे कागद वाचायला दिले. बराच वेळ तो खाली मान घालून बसला, मग बरं म्हणाला आणि वर गेला. मिनलला फोनवर वाचून दाखवले. सगळे ऐकून तिने विचारले, "दादा हो म्हणाला?"

मी म्हणालो, "त्यालाच पुस."

ती म्हणाली, "आप्पा, त्याचा नंबर तोच आहे का?"

"तोच आहे."

तिने फोन ठेवला. आता वरच्या खोलीत धम्मरत्नचा फोन वाजतो आहे. वाजायचा थांबला. उचलला. मी सही करतो.

साहेबराव किसन वाघमारे

आम्ही खाली सही करणारांनी साहेबरावांना आमच्यासमोर सही करताना पाहिले आहे. ज्याला काही मिळते त्याला साक्षीला न घेतलेले बरे, असा वकीलबाईंचा सल्ला आहे; मोडकी शिडी मिळण्यात धरली नाही, म्हणून दत्तोबा साक्षीला चालले.

साक्षीदार :
१. दत्तोबा गोविंद काळभोर (पायरी आधीच मोडलेली होती.)
२. कौशल्याबाई रामभाऊ जगदाळे, शेजारी

स्थळ : काळेवाडी
दिनांक : १९ जानेवारी २०२५