भिंतीपासून सहा फूट

४ जानेवारी
समोरचा माळ बिल्डरने घेतला. तिथे कॉलनी करणार म्हणे. गावात घरटी एक डायरी वाटली, कव्हरवर कॉलनीचं चित्र. चित्रात कारंजं आहे, सायकली आहेत, माझं घर नाही. तिथे झुडूप काढलंय. मी चौथी शिकलेली, पण लिहायला येतं. त्याच्याच कागदावर त्याच्या विरुद्ध लिहिणार.
ठरलं : कॉलनी होऊ द्यायची नाही.

७ जानेवारी
होईलच कशी? गावातून बसस्टॉपला जायची पायवाट माझ्या दारावरून, मग माळावरून. लोक सकाळी जाताना उसवलेलं-फाटलेलं माझ्या मशीनपाशी टाकतात, संध्याकाळी येताना नेतात. बाकावर टेकतात. मी चार शब्द सुनावते, ते ऐकून जातात. घर चालतं त्यावर. माझ्यावाचून गावाचा दिवस सुरू होत नाही.
घराच्या मागल्या अंगाला धाकट्या जावेचं घर. तिच्याकडे कुत्रं फिरकत नाही. तिला सगळे ‘मागची’ म्हणतात. नाव मीच पाडलंय.

१५ जानेवारी, दुपारी
बिल्डरचा इंजिनिअर आला. कोवळं पोरगं. चपला बाहेर काढून आला, तेव्हाच ओळखलं की घाबरलाय. म्हणाला, काकू, पायऱ्या बाजूला वळवून देतो, दारापुढची पट्टी रस्त्याला द्या. पक्का रस्ता तुमच्या दारावरून जाईल, गावालाही खुला राहील. मी म्हटलं, आणि धूळ कोण खाणार, तुझी आई? पाणीसुद्धा न पिता गेला. असं लागतं तोंड.
हे म्हणाले, जरा विचार कर. लग्न झाल्यापासून यांनी एवढंच म्हटलंय.

१६ जानेवारी
पट्टी मोजली. सासरे सांगायचे, भिंतीपासून सहा फूट आपलं. शिवणाची टेप लावली. भिंतीला टेकवायला पायऱ्या आड येत होत्या, म्हणून खालच्या पायरीपासून धरलं. पायरी काय घराबाहेरची आहे? खुंट्या ठोकून चिंध्या बांधल्या. खुंट्या पायवाटेच्या पलीकडे गेल्या. म्हणजे पायवाटही माझीच. आता बसा म्हणावं बोंबलत.

२० जानेवारी
बसचा ड्रायव्हर कुरकुरला. पँट लांब झाली, टेप ताणलीय तुमची, नवी घ्या. मी म्हटलं, टेप माझ्या लग्नाच्या वेळची आहे, अजून शब्दाला पक्की. तूच खचलास.

२ फेब्रुवारी
गावाची सभा. मी बोलायला उभी राहिले. गाव सुन्न झालं. मग बरेच जण उठले, त्यांना बस गाठायची होती. एक जण शेवटपर्यंत बसला. झोपला होता, पण माझ्या बाजूने.

११ फेब्रुवारी
मागचीने तिची भाजीच्या वाफ्यांची जागा रस्त्याला दिली. बांधावर गाठून विचारलं, लाज आहे का? म्हणाली, ताई, तुम्ही नाही म्हणालात म्हणून ते माझ्याकडे आले. वर म्हणते, थँक्यू. निर्लज्ज.
तरी काळजी नाही. पायवाट माझी. ती हलवून दाखवा.

१२ फेब्रुवारी
सरकारी मोजणी मागवली. मीच अर्ज केला. एकदा दगड रोवले की बिल्डर गेला खड्ड्यात. हे म्हणाले, चाललंय ते चालू दे, मोजणी कशाला? घाबरट माणूस.

१० मार्च
मोजणीवाला आला. तीन पायांचं यंत्र. अर्धं गाव जमलं, मी मुद्दामच सांगितलं होतं. त्याने भिंतीपासून धरलं. मी ओरडले, पायरीपासून धरा. म्हणाला, बाई, पायरी म्हणजे भिंत नव्हे. मागची फिदकन हसली.
दगड खालच्या पायरीच्या बोटभर पुढे आला. बाकाचे दोन पाय माझ्यात, दोन बिल्डरच्यात.

१० मार्च, पुन्हा
इंजिनिअर जाताना म्हणाला, काकू, आम्ही पायवाट तुमचीच समजत होतो. नकाशात ती सोडून पलीकडे कॉलनीच्या कुंपणाची भिंत काढली होती. आता काय, साहेब हद्दीवरच घ्या म्हणतील.
मुद्दाम घाबरवतोय. एवढं धाडस नाही व्हायचं त्यांचं.

२५ मार्च
भिंत कमरेएवढी. बाक आत घेतला. तिन्हीसांजेला दोघी-तिघी भिंतीवर कोपर टेकून बोलून गेल्या. बरंच झालं, आता कोणी घरात घुसत नाही.

२ एप्रिल
भिंत डोक्यावर गेली. ड्रायव्हर पलीकडून ओरडला, माझी पँट? गोळा करून वरून फेकली. धप्प आवाज आला, मग शिवी. चिखल असावा.

९ एप्रिल
कोणी आलं नाही. गाव आता मागचीच्या रस्त्याने स्टॉपला जातं. लोक वळसा घालून येतील. चांगली शिलाई कोण सोडतं?

१४ एप्रिल
ऊन फार आहे. उन्हामुळे येत नसतील.

२० एप्रिल
आज ढगाळ होतं.

३ मे
मागचीने पुढच्या खोलीत मशीन टाकलंय. तिला काजं करता येत नाहीत. हसू आलं. हसले. घरात कोणी नव्हतं, म्हणून मोठ्याने हसले.

११ मे
हे रोज पाय मोकळे करायला जातात. आज यांची पँट टाचेच्या वर, नेमकी. ती मी तीनदा आखूड केली होती, तरी लोळायची. विचारलं, कोणी केली? म्हणाले, धुऊन आटली. बरोब्बर दुमड घालून आटली.

६ जून
बहिणीकडे जायचं होतं. स्टॉपवर जायला आता मागचीच्या घरासमोरच्या कॉलनीच्या गेटातून जावं लागतं. गेटावर वॉचमन. म्हणाला, मावशी, कोणाकडे? मी म्हटलं, कोणाकडे नाही, मी इथलीच आहे, मुकाट्याने बाजूला हो. म्हणाला, इथल्या सगळ्यांना ओळखतो मी, तुम्हाला कधी पाहिलं नाही. त्याचे शब्द त्याच्या घशात घालणार होते, पण बस दिसत होती.
तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून मागची ओरडली. तिच्यापुढे बाया बसलेल्या, मांडीवर कपडे. म्हणाली, सोड रे त्यांना. आमच्या मागच्या आहेत त्या.
सोडलं.
बस गेली होती.