सातवं चाक

अक्का, सगळ्यात आधी रंगारी आला. म्हणजे मी त्याला रंगारी समजले आणि तिथूनच सगळा घोळ झाला. पण थांब, नमस्कार राहिलाच. तीर्थरूप अक्कास धाकटीचा वाकून नमस्कार (वाकले की उठवायला माणूस लागतं, तेव्हा मनातल्या मनात वाकले असं समज). गुडघा कसा आहे? कळ डाव्यातून उजव्यात गेली, की अजून डाव्यातच मुक्काम ठोकून आहे? आम्ही इकडे सगळे सुखरूप आहोत, आणि हे मी आज लिहू शकते. शुक्रवारी लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. हा कागद हाताला खडबडीत लागेल, शाईही फुटतेय, त्याला इलाज नाही. का ते शेवटी सांगते, आठवण राहिली तर.

आमची नात चित्रकलेच्या कॉलेजात आहे हे तुला ठाऊकच आहे. हिला लहानपणापासून हाताने काही ना काही करायची खोड. बाटलीचं झाकण दिसलं की हिला त्यात चाक दिसतं, फाटका मोजा दिसला की त्यात सशाचे कान. सूनबाईने कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवला की आधी नात त्यात हात घालते, सफाईवाल्याचा नंबर दुसरा. गेल्या वर्षी परीक्षेला तिने नुसत्या सुतळीची खुर्ची केली होती. दिसायला इतकी देखणी की मी तिला दुरूनच नमस्कार करायचे. कॉलेजच्या मोठ्या बाई मार्क द्यायला तिच्यावर बसल्या, आणि बाई बसल्या तशी खुर्चीही बसली. दोघींना उचलावं लागलं. नात नापास.

त्या दिवसापासून तुझ्या भाच्याने (म्हणजे आमच्या चिरंजीवांनी) सांगून टाकलं की यंदाची एक संधी. पास झाली तर शिकू दे, नाहीतर एक तारखेपासून त्याच्या मित्राच्या ऑफिसात पाकिटांवर शिक्के मारायला बसायचं. मित्राला शब्दही देऊन ठेवला. तो वाईट नाही अक्का, तुझ्या मांडीवर खेळलेला आहे, पण एकदा हिशेबाला लागला की ऐकत नाही. पोरगी उलटून एक अक्षर बोलली नाही. फक्त जेवताना ताटाच्या कडेला अंगठा दाबत बसायची, एक, दोन, तीन, शिक्के मारल्यासारखा. ते बघून माझा घास उतरायचा नाही.

यंदा विषय होता ‘घर’. हिने ठरवलं की घरातल्याच जुन्या कागदांचा लगदा करून हाताने चाळीस नवे कागद बनवायचे. जुने कागद मीच पत्र्याच्या ट्रंकेतून काढून दिले (कसले ते नंतर). ते फाडून दोन दिवस भिजत घालायचे, मग मिक्सरमधून काढायचे (सूनबाईचा चांगला मिक्सर, वाटणात अजून एखादी वेलांटी सापडते). मग टबभर पाण्यात तो लगदा ढवळून त्यात जाळीची चौकट बुडवून वर उचलायची. चौकटीवर साय धरावी तसा थर येतो. तो ओला थर गुळगुळीत भिंतीवर दाबून लावायचा आणि वाळला की तो पापुद्र्यासारखा आपणहून सुटतो. पहिले चार अगदी असे सुटून आले. गुरुवारी दुपारी उरलेले छत्तीस लावायचे होते आणि शनिवारी परीक्षा.

गुरुवारी पोरगी आंघोळीला गेली आणि मी टबात डोकावले. अक्का, नुसतं पाणी गं. पातळ काही दिसलं की माझे हात शिवशिवतात, तुला काय सांगायचं. ह्यांच्या सदऱ्यांना मी चाळीस वर्षं खळ केली, हे गेले पण हाताची सवय गेली नाही. मोठं पातेलंभर केली, घट्ट, एक गुठळी नाही, आणि दिली ओतून. ढवळल्यावर कसं छान अंगाबरोबर दिसायला लागलं. पोरीला सांगितलं नाही. म्हटलं, केलेलं बोलून दाखवू नये.

शुक्रवारी सकाळी एकही कागद सुटेना. नखाने कोपरा उचलायला गेली तर कागद जागच्या जागी आणि नखच उचललं गेलं. हॉलची मोठी भिंत, आतला बोळ, फ्रिजचं दार, सगळीकडे कागद असे बसलेले की जणू घराबरोबरच बांधलेत. एक होता तुझ्या भाच्याच्या कपाटावर, अर्धा या दारावर आणि अर्धा त्या, म्हणजे कपाटच बंद. तो कालचाच शर्ट घालून ऑफिसला गेला, पण त्याआधी बोलायचं ते बोलून गेला. ही हॉलची भिंत त्याने मागच्याच वर्षी सायीच्या रंगाने रंगवून घेतलेली. पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. ती फरशीवर भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. आणि मी? मी मूग गिळून भाजी निवडत बसले. देठ भांड्यात आणि पानं कचऱ्यात गेली, ती सूनबाईने मुकाट्याने वेचून काढली.

मग सूनबाईने कॉलेजच्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, वस्तू येऊ शकत नसेल तर आम्ही वस्तूकडे येतो, बाहेरचे परीक्षक आलेलेच आहेत, शनिवारी अकराला. इकडे तुझ्या भाच्याने ऑफिसातून परस्पर रंगाऱ्याला सांगितलं की शनिवारी सकाळी येऊन भिंत बघून जा आणि खरवडायला लाग. शुक्रवारी नवराबायकोचं बोलणं बंद होतं, त्यामुळे कोणी कोणाला बोलावलंय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मला तर दोन्ही ठाऊक होतं, पण माझ्याशीही कोणी बोलत नव्हतं. (कारण मीच खोलीतून बाहेर येत नव्हते.)

शनिवारी साडेनऊला बेल वाजली. सूनबाई बिस्किटं आणायला गेलेली, नात मागे टब घासतेय, चिरंजीव सुट्टी म्हणून अजून अंथरुणात. मीच दार उघडलं. दारात एक दाढीवाला, विजारीवर सतरा रंगांचे डाग, खांद्याला पिशवी. माणसाकडे बघायच्या आधी त्याने भिंतीकडे बघितलं. म्हटलं, रंगारीच. चिरंजीवांनी आणून ठेवलेली खरवडायची पट्टी त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, कागद सबंध निघाला पाहिजे, फाटला तर चहा मिळणार नाही. मी जरा लवकरच आलोय, असं काहीतरी तो पुटपुटला. मी म्हटलं, लवकर आलात तर लवकर लागा.

अक्का, कामाचा माणूस. कडेकडेने पट्टी सारायचा, फुंकर घालायचा, कान लावून ऐकायचा. मला दोन दिवसांत बोलायला कोणी मिळालं नव्हतं, मी त्याच्याजवळ सगळं ओकले. खळ मी घातली, पोरीला पत्ता नाही, बाप शिक्के मारायला बसवणार आहे, आणि आज कोणी बाहेरचे मोठे परीक्षक यायचेत, ते काय खडूस असतील कोण जाणे. तो नुसता हं हं करत होता.

पावणेअकराला दुसरा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात वही. याला मी चांगल्या खुर्चीत बसवलं, चहा दिला, सूनबाई घेऊन आली ती सगळी बिस्किटं पुढे ठेवली. त्याने खिशातून टेप काढून भिंत मोजली. म्हटलं, केवढी बारकाईने परीक्षा घेतात. मग वहीत लिहून म्हणाला की काम फारच वाईट झालंय, कोणी केलं त्याला अक्कल नाही. माझ्या मस्तकात गेली. बिस्किटांची बशी मी त्याच्यासमोरून उचलली (दोनच उरली होती). त्याला म्हटलं, मार्क देणाऱ्याने तोंड सांभाळून बोलावं.

अकराच्या ठोक्याला कॉलेजच्या बाई आल्या. खुर्ची पुढे केली तर आधी हाताने दाबून बघितली आणि उभ्याच राहिल्या. मग त्यांची नजर दाढीवाल्याकडे गेली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं खुर्ची पुन्हा बसली.

“सर, तुम्ही हे काय करताय?”

“आजींनी काम दिलंय,” तो भिंतीवरची नजर न काढता म्हणाला. “एवढा संपवतो.”

मी काय करणार? बशी चांगल्या खुर्चीतल्याच्या पुढे परत ठेवली आणि भिंतीला टेकले. एवढ्यात तो कागद सुटला. पण एकटा नाही सुटला, अक्का. खळीने भिंतच ओढून आणली. कागदाच्या पाठीला सायीचा रंग, त्यावर गुलाबी, सूनबाई घरात आली तेव्हाचा. आणि भिंतीवर त्याखालचा निळा उघडा पडला, चिरंजीव लहान होते तेव्हाचा. त्या निळ्यावर कोळशाने काढलेल्या रेघा. सरांनी शेजारचा कागद सोडवला, मग त्याच्या शेजारचा. रेघांची झाली बस. ड्रायव्हर बसपेक्षा मोठा, आणि चाकं सात.

चिरंजीव खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले ते रंगाऱ्याला झापायच्या तयारीने, आणि तिथेच थांबले. सरांनी विचारलं, हे कोणी काढलं? नात म्हणाली मी नाही. मला तेवढ्यात आठवलं. तुझा भाचा पाच वर्षांचा होता. ह्यांनी त्याला दोन दिल्या होत्या, एक भिंत खराब केली म्हणून आणि एक बसला सात चाकं काढली म्हणून, मोजता येत नाही म्हणून. निळी भिंत तशीच राहिली, पण बसपुढे कपाट सरकवलं गेलं, आणि लग्नात त्यावर गुलाबी बसला. मी विसरून गेले होते. त्यानंतर पोराने कधी खडू हातात धरला नाही आणि मोजण्यात कधी चुकला नाही.

तो पुढे गेला. सातव्या चाकावर बोट ठेवलं.

“हे चाक नाहीये,” तो म्हणाला. “स्टेपनी आहे.”

सरांनी मान डोलावली, चांगली गंभीरपणे, मोठ्या माणसाच्या कामाला डोलवावी तशी. मग नातीकडे वळून विचारलं की लगद्यात काय घातलंस. मी पदराचं टोक तोंडाशी धरलं. माणसाला सगळं ठाऊक होतं, मीच सांगितलेलं.

“खळ,” नात म्हणाली. “आजीच्या हातची. तिच्याशिवाय भिंत सुटली नसती.”

तिला शुक्रवारीच भिंतीच्या वासावरून कळलं होतं गं. दोन दिवस ती बापाची बोलणी खात बसली, पण माझं नाव घेतलं नाही.

सर आणि बाई बोळात जाऊन कुजबुजले आणि फॉर्मवर सही करून आले. पास. नुसती पास नाही, बाई पहिल्यांदा खुर्चीत बसल्या यावरून समज. चिरंजीव गॅलरीत गेले आणि मित्राला फोन लावला की पोरगी येत नाही, शिक्क्यांना दुसरं कोणीतरी बघ. (मी दाराआड हवा खायला उभी होते म्हणून कानावर पडलं.) छातीवरचा धोंडा उतरला, अक्का. त्या रात्री पोरीने दोनदा भाजी मागून घेतली आणि तिचा अंगठा ताटाच्या कडेला गेला नाही. रंगाऱ्याला, म्हणजे खऱ्याला, चिरंजीवांनी सांगितलं की बाकी घर रंगवू, पण बस सोडून. तो म्हणाला, बसला वळसा घालून रंगवतो, पण ज्याने खळ लावली त्याला एकदा भेटायचंय, असला चिकटपणा त्याने आयुष्यात बघितला नाही. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक.

तुझी धाकटी

ता. क. कागदाचं सांगायचं राहिलं. पहिल्या चारांतला एक पोरीने मला बक्षीस दिला, त्यावरच लिहितेय. यात खळ नाही म्हणून शाई फुटते. खळीवाचून काही खरं नाही, हे आता तरी पटलं का?

आणखी एक ता. क. ट्रंकेतले कागद म्हणजे तुझी पत्रं होती. बेचाळीस वर्षांची. विजेच्या बिलांचं गाठोडं द्यायचं ते चुकून हे दिलं गेलं. (नाही, तुला खोटं लिहवत नाही. बिलांचा लगदा मळकट होतो आणि तुझी निळी शाई त्यात आभाळासारखी फुटते. पोरीने तीनदा विचारलं, मी तीनदा घे म्हटलं.) काही तुकडे पोरीने मिक्सरमध्ये न घालता तसेच लगद्यात सोडले होते, ते भिंतीवर अजून वाचता येतात. सर चष्मा लावून मोठ्याने वाचत होते: ‘गुडघा’, ‘कोणाला सांगू नकोस’, पुन्हा ‘गुडघा’. फ्रिजवर ‘सूनबाईचा स्वभाव’ एवढं स्वच्छ आहे, पुढचं देवाच्या कृपेने विरघळलं. सूनबाई रोज दूध काढताना तिथे थांबते. पुढे ‘फार प्रेमळ’ होतं असं मी सांगितलंय. विचारलं तर तूही तेच सांग.

शेवटचं. आता बोळातली उरलेली भिंतही तशीच सोडवायची आहे, कॉलेजच्या प्रदर्शनासाठी, आणि लगदा संपला. मी तुला लिहिलेली पत्रं तू साड्यांच्या खाली ठेवतेस हे मला ठाऊक आहे. ती सगळी पाठव. बांधताना वाचत बसू नकोस, त्यात तुझ्या गुडघ्याबद्दल मी काय काय लिहिलंय ते तुझ्या गुडघ्याला झेपणार नाही. हेही वाचून झालं की त्यातच घाल. सर, बाई आणि फोटोवाला येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी यायचेत. अकराला म्हणालेत, म्हणजे सर साडेनऊला. पट्टी मी दाराशीच ठेवली आहे.