पाणी न चालणारी फरशी

उपनगर, नाशिक
१७ मे

आदरणीय संजनाताईस,
धाकटा भाऊ प्रफुल्लचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र नाही, फोन नाही, म्हणजे तू बरी आहेस असं मी धरून चालतो. (बरी नसतीस तर दाजींनी कळवलं असतं, वाईट बातमी पोचवायला ते कधी उशीर करत नाहीत.) दाजींचा गुडघा, तुझी शुगर आणि अंगणातलं लिंबाचं झाड कसं आहे ते कळव. मनमाडला नळाला किती दिवसांआड पाणी येतंय तेही कळव. इकडे आम्ही ठीक आहोत असं लिहिणार होतो, पण तुला खोटं लिहायला बरं वाटत नाही. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण तू फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटतेस आणि माझं बोलणं निम्म्या कॉलनीला ऐकू जातं. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर आपल्या घरच्या ग्रुपमध्ये स्नेहा आहे, आणि ही माझी बायको माझे सोडून सगळ्यांचे मेसेज वाचते असा माझा समज होता, तो मध्यंतरी खोटा ठरला. म्हणून पंधरा वर्षांनी पाकीट विकत आणलं. पोस्टातल्या बाई माझा चेहरा पाहून 'कोण गेलं?' असं विचारायच्या बेतात होत्या.

मुद्दा आधीच सांगतो, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. आईला तुझ्याकडे यायचं आहे. दोन-चार दिवसांसाठी नाही, कायमचं. तिने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. पुढच्या रविवारी तू येऊन तिला घेऊन जावंस, म्हणून हे पत्र. आणि हे जे झालं त्याला कारण आमची नवी फरशी.

आमचा गालिचा तुला आठवत असेल. बारा वर्षांपूर्वी ऑफिसात मोठ्या साहेबांची केबिन नवी झाली तेव्हा जुना गालिचा निघाला, आणि कुणालाच नको होता म्हणून तो मी घरी आणला. (साहेबांची म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट मला चौतीस वर्षांच्या नोकरीत मिळाली.) हॉलभर पुरला, उरलेला आईच्या खोलीत गेला. आईला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. ज्या जमिनीवर पाणी ओतता येत नाही ती स्वच्छ झाली हे कळायचं कसं, असा तिचा प्रश्न होता, आणि त्याला आजतागायत कुणी उत्तर दिलेलं नाही. शेवटी तडजोड झाली. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी गालिचा गुंडाळून गच्चीवर न्यायचा आणि काठीने बडवायचा, आणि खाली आईने पदर खोचून, खराटा घेऊन सगळं घर धुवायचं. बादलीवर बादली. गेल्या वर्षी ऐंशी पुरी झाली तरी कुणाला खराट्याला हात लावू दिला नाही. खरं सांगायचं तर वर्षातला तेवढा एक दिवस ती आमच्याकडे घरच्यासारखी असायची. बाकीचे दिवस पाहुणी.

यंदा फेब्रुवारीत तिचा खोकला हटेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि घरात गालिचा आहे का असं विचारलं. आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने पूर्वी साहेब पाहायचे, त्याच गालिच्यावर उभं करून. गालिचा काढायचा ठरला. खाली मोझॅकची जुनी फरशी होतीच, दोन ठिकाणी तडकलेली. तीच पुसून वापरू असं मी म्हणाल्याचं मला आठवतं. स्नेहाला आठवत नाही. तिच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी लॅमिनेट आहे. लॅमिनेट म्हणजे लाकूड नव्हे ताई, लाकडाचा फोटो. झाडाचा भुसा दाबून फळी करतात आणि तिच्यावर झाडाचाच फोटो चिकटवतात. आपल्याकडे माणूस गेल्यावर फोटो भिंतीवर तरी लावतात, इथे त्यावर चालायचं. मला हे ऐकून गलबलून आलं, पण दुकानदाराला सवय झाली असावी.

त्याने घरी नेऊन बघायला एकवीस तुकडे दिले. सगळे तपकिरी. स्नेहा पंधरा दिवस ते सकाळच्या उन्हात, दुपारच्या उन्हात आणि ट्यूबलाइटखाली मांडून बघत होती. आईने त्यातला एक माठावर झाकण म्हणून ठेवला आणि एकावर गरम तवा उतरवला. तव्याखालच्या तुकड्याला काही झालं नाही म्हणून तोच पसंत झाला. (माझंही मत विचारलं होतं. मी दोन दिवस विचार करून एकावर बोट ठेवलं, तो आमचा जेवायचा पाट निघाला.) आईला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लाकडावर निजायचं म्हंजी सरणावर निजल्यागत. मला काय, सवय व्हईल." त्यानंतर तिला कुणी काही विचारलं नाही.

मग सनी नावाचा कारागीर आला. चाळिशीचा, कमी बोलणारा, कानाला पेन्सिल. त्याने आधी सगळ्या खोल्यांची दारं बिजागऱ्यांतून काढून ठेवली, जमिनीवर पांढरा फोम अंथरला आणि वर फळ्या एकमेकींत अडकवत गेला. ना खिळा, ना सिमेंट. भिंतीच्या कडेने त्याने बोटभर जागा सोडली. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "साहेब, ही फुगते. तिला फुगायला जागा ठेवावी लागते." आपल्या घरात इतकी वर्षं इतकी माणसं फुगली, पण ही सोय कुणासाठी झाली नव्हती. काम दोन दिवसांत उरकलं आणि मग लक्षात आलं की जमीन वर आली आणि दारं आहेत तेवढीच उंच आहेत. एकही बसेना. तासायचं यंत्र दुसऱ्या साइटवर होतं, ते येईपर्यंत तीन दिवस घरात एकाही खोलीला दार नव्हतं. स्नेहा मला बेडरूममध्ये जे बोलते ते आईला ऐकू गेलं, आणि आई मला जे बोलते ते स्नेहाला. माझ्याबाबतीत दोघींचं पूर्ण एकमत आहे हे त्या दोघींना तेव्हाच पहिल्यांदा कळलं. पुढे सनीने दारं तासली, जरा जास्तच तासली. आता दार लावलं तरी पलीकडच्याची पावलं दिसतात. जाताना तो बजावून गेला, की पाणी नको. फडकं घट्ट पिळून पुसायचं, सांडलं तर लगेच टिपायचं. स्नेहाने हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलं.

आईचा खोकला थांबला, हे कबूल करायला हवं. त्याबरोबर बाकीचंही बरंच थांबलं. आईच्या हाताने फडकं घट्ट पिळलं जात नाही, म्हणून पुसायचं काम स्नेहाने स्वतःकडे घेतलं. (तिचंही चुकलं असं मी म्हणत नाही. मी कुणाचंच काही चुकलं असं म्हणत नाही, हीच माझ्याबद्दलची तक्रार आहे.) माठ बाल्कनीत गेला. आईने ओल्या पायांनी न्हाणीतून बाहेर यायचं बंद केलं आणि मग हळूहळू बाहेर यायचंच बंद केलं. दिवसभर खाटेवर पाय वर घेऊन बसायची, एसटी स्टँडवर गाडी चुकलेली माणसं बसतात तशी.

अशात पौर्णिमा आली. गुंडाळायला गालिचा नाही, धुवायला परवानगी नाही. स्नेहा आदल्या दिवशी भाचीच्या लग्नाला सटाण्याला गेली होती, ती संध्याकाळी परत आली. पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटली, सगळं यथासांग. त्यानंतर दोन दिवसांनी हॉलच्या मधोमध फळ्यांच्या कडा पापडासारख्या वर आल्या. आणखी एका दिवसाने टीपॉय डुगडुगू लागला. सनीने येऊन एक फळी उचकटली, खालचा फोम दाबला आणि पाणी निघालं. "बादलीनं गेलंय," तो म्हणाला. "दोन तरी." स्नेहाने आईला विचारलं. आवाज न चढवता विचारलं, हे मी तिच्या बाजूने सांगतो. आई म्हणाली, "धुतली असंल बाई. दरसाल मीच धुते ना."

आईचं विसरणं आता वाढलं आहे असं स्नेहाने ठरवलं आणि पुढच्या मंगळवारी डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आईने ते ऐकलं (दारं तासलेली आहेत) आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. दोन लुगडी, चष्म्याचं घर, औषधं आणि आपल्या बाबांचा फोटो. फोटो काढलेल्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आहे. मी तिकडे पाठ करून बसून हे लिहितो आहे.

तेव्हा ताई, तू ये. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने आलीस तर जेवून दुपारी परत निघता येईल. आईला फरशीबद्दल काही विचारू नकोस. दाजींना जयभीम सांग, गुडघ्याला तेल लाव म्हणावं.

तुझा भाऊ,
प्रफुल्ल

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. फरशी आईने धुतली नाही. मी धुतली. स्नेहा सटाण्याला होती, आई दुसऱ्या दिवशीच्या खिरीची तयारी करायला विहारात गेली होती, आणि घर असं कोरडं ठणठणीत बघवेना. वाटलं, आई परत आली की धुतलेली जमीन पाहून तिला बरं वाटेल. एकच बादली ओतणार होतो. पण एका बादलीने धुतल्यासारखं वाटत नाही, हे तुला माहीत आहे. मग दुसरी ओतली. पंख्याखाली सगळं वाळलं, चकचकीत दिसलं, मी खूश झालो. स्नेहाने आईला विचारलं तेव्हा मी तिथेच होतो. मी तोंड उघडलं, आणि आईने हो म्हटलं, आणि मी भाजी आणायला निघून गेलो. घरात भाजी होती. तेव्हापासून आई स्वतःला भ्रमिष्ट समजते आहे आणि मी तिला तसं समजू देतो आहे. मला आयुष्यात कशाची एवढी लाज वाटली नाही.

ता. क. दुसरा, १८ तारीख, सकाळ. आत्ता आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "म्हाईत हाय मला," म्हणाली. "चष्मा इसरले म्हनून माघारी आले व्हते. दारातून पाह्यलं. पँट वर करून खराटा मारीत व्हतास. मग खाली कुसाबाईकडं जाऊन बसले." (कुसाबाई म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या.) मी विचारलं, मला थांबवलं का नाहीस? तर म्हणाली, लय दिसांनी घरात पाण्याचा आवाज आला, कशाला मोडायचा. मग खोटं का बोललीस? तर म्हणाली, "मी ऐंशीची. मला कोन काय बोलनार? तुला अजून तिच्यासंगं ऱ्हायचंय." म्हणजे ताई, आईचं डोकं शाबूत आहे, आपल्या सगळ्यांपेक्षा. मला वाटलं, आता ती पिशवी सोडेल. तर नाही. "मी जाते संजनाकडं. हितं माझ्या हाताला काय काम हाय?" मी म्हणालो, अगं मनमाडला धुवायला पाणी तरी कुठंय? तर मेथीचा देठ मोडत म्हणाली, "पानी येईल तवा येईल. फरशी तर हाय."

ता. क. तिसरा आणि शेवटचा. आईला न्यायला येऊ नकोस. वर जे लिहिलं ते खोडत बसत नाही. सनीला रविवारी दुपारी बोलावलं आहे. फुगलेल्या फळ्या बदलायला येतोय असं स्नेहा समजते, पण तो हॉलमधल्या आणि आईच्या खोलीतल्या सगळ्या फळ्या काढून न्यायला येतोय. खाली मोझॅक आहे तसं आहे. स्नेहाला हे माहीत नाही, आणि पाणी कुणी ओतलं तेही माहीत नाही. ती जगात फक्त तुझं ऐकते. तर रविवारी सकाळीच ये आणि तिला दोन्ही सांग. बोलायचं तू. मी तुझ्या मागे उभा राहीन. पण या वेळी घरातच राहीन.