चिमणीसाठी टेनिसचा मास्तर

सौ. हिस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. इथे मुलाकडे आल्यापासून आपल्या नातीला, चिमणीला, टेनिस शिकवणारा खाजगी मास्तर शोधता शोधता माझ्या पायांचे तुकडे पडले. मुलाला आणि सूनबाईंना सवड नाही, म्हणून निवड माझ्यावर सोडली आहे.

पहिला नुसता टोपीपुरता मास्तर. चेंडू जाळीत गेला तरी "वा, सुपर!" आणि डोळे फोनमध्ये. असल्याला मी कोंबड्या राखायलाही ठेवणार नाही. दुसरा स्वतः जिंकलेल्या बक्षिसांच्या ढालीच दाखवत बसला. चिमणी आपली रॅकेट धरून उभी.

तिसरी एक बाई, ती तर महाउद्धट. मी कुंपणाबाहेरून "हात वर घे, कमरेत वाक" सांगत होतो, तर म्हणते, "आजोबा, मास्तर तुम्ही की मी? तुम्ही बोललात की पोर तुमच्याकडे बघते. जा, चहा पिऊन या." चारचौघांत! मी तिला तिथेच नापास केली.

चहा पिऊन परत आलो तर चिमणी खळखळून हसत होती. नव्या शाळेत गेल्यापासून पोर बोलेनाशी झाली आहे, हे तुला मुद्दाम कळवलं नव्हतं. काळजी करू नकोस, जेवते नीट. वाटेत म्हणाली, "आजोबा, हीच हवी."

आता त्या बाईकडे मी आपण होऊन कसा जाऊ? तू "हीच ठेवा" असं लिही, म्हणजे तुझ्या शब्दाखातर जाईन, आणि बाहेर चहा पीत बसेन. गुडघा कसा आहे? उत्तर लगेच टाक, नाहीतर ती बाई दुसरी कुणी पोर शिकवायला घेईल.

तुझा,
चिमणीचा आजोबा