आई, दोष टीव्हीचा नव्हता

प्रिय आई,

तुझ्या वर्षश्राद्धाला तुझी सून मीनल आणि मी पुण्याहून आलो, ते अजून चेरीतालच्या आपल्या घरीच आहोत. तू असताना मला चार दिवसांच्या वर रजा कधी मिळाली नाही. आता पंधरा दिवसांची मिळाली. यावर तू काय म्हटलं असतंस ते मला माहीत आहे, म्हणून सरळ पुढचं सांगतो.

हॉलमधला टीव्ही गेला. पडद्याचा खालचा अर्धा भाग काळा झाला होता आणि बाबा वरच्या अर्ध्यावर बातम्या पाहून राहिले होते. मी म्हटलं, नवा घेऊ. सोमवारी मीनलला घेऊन ओमतीतल्या टीव्हीच्या दुकानात गेलो. विक्रेत्यानं विचारलं, "सर, मूवी के लिए चाहिए या गेमिंग के लिए?" आणि एका मोठ्या टीव्हीवर जंगलातला अंधारा प्रसंग लावला. मीनल म्हणाली, "तो बघ, डावीकडे, झाडामागे उभा आहे." मला झाड दिसलं. माणूस दिसला नाही. तिनं परत दाखवलं, तरी नाही. मग मी म्हणालो, "या टीव्हीतच काहीतरी गडबड आहे."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. हे तुझं वाक्य होतं, आई. तुझ्या तोंडी ते मीच घातलं होतं. मीनलला काही न सांगता मी दुकानाबाहेर आलो. तेव्हापासून तुला लिहायचं डोक्यात होतं. आज गुरुवार, आज बसलो.

शाळेत मुली तुला किती घाबरायच्या. गणिताच्या बाई शनिवारी अर्धी शाळा सुटली की एकट्याच टॉकीजला जातात, हे त्यांना कुठे माहीत होतं? बाबांना पिक्चरमध्ये झोप लागायची आणि ताईला नि मला शेवट आधीच सांगायची सवय, म्हणून तू कुणालाच सोबत न्यायची नाहीस. घरी आल्यावर तू गोष्ट कधी सांगितली नाहीस. तू उजेड सांगायचीस. "खिडकीत एक कंदील ठेवला होता रे, आणि तिच्या अर्ध्याच चेहऱ्यावर उजेड होता." एवढं बोलून तू कणीक मळायला घ्यायचीस. मला त्यात काय विशेष ते कळायचं नाही.

मग टॉकीज एकेक करून बंद पडल्या, तुझे गुडघे दुखायला लागले, आणि रिटायर व्हायच्या वर्षी तू जाहीर केलंस, "एक मोठा टीव्ही घेणार. दुपारी पडदे लावून पिक्चर पाहणार. तेवढा वेळ कोणी मला चहा मागायचा नाही." आयुष्यात स्वतःसाठी तू दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. आठवून पाहिलं, खरंच नाही.

टीव्हीचा तू परीक्षेसारखा अभ्यास केलास. त्या वेळी दुकानात दोन्ही मिळायचे, प्लाझ्मा आणि एलईडी. मी तेव्हा बावीसचा, नोकरी लागायची होती आणि दिवसभर मित्रांसोबत गेम खेळायचो. तू मला दुकानात नेलंस आणि दुकानदाराला म्हणालीस, "भैया, ट्यूबलाइट बंद करो और शटर आधा गिरा दो."

तो हसला. "दीदी, ऐसे टीवी कोई नहीं देखता."

"हम देखते हैं."

त्यानं शटर ओढलं. दोन्ही टीव्हींवर एकच पिक्चर लावला. एक बाई हातात दिवा घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरत होती. एलईडीवर सगळा अंधार राखाडी दिसत होता, धूर भरल्यासारखा. प्लाझ्मावर तो काळा होता, आणि त्या काळ्यातही पायऱ्यांच्या कडा दिसत होत्या, तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. तू माझा दंड धरलास आणि म्हणालीस, "पाहून राहिलास ना मन्या? अंधारात पण किती काय असते."

मला दिसलं होतं, आई. चांगलं दिसलं होतं. हे मी तुला कधी कबूल केलं नाही.

मला एलईडी हवा होता. माझ्या सगळ्या मित्रांकडे तो होता. पातळ, हलका, भिंतीवर टांगता येणारा. घरी येताना मी तुला सांगितलं की प्लाझ्मावर गेम खेळता येत नाही. कोपऱ्यात स्कोअर असतो, नकाशा असतो, तो तासन्‌तास एका जागी राहिला की पडद्यावर कायमचा छापला जातो. मग तुझ्या पिक्चरमध्ये हिरॉइनच्या कपाळावर माझा स्कोअर दिसेल.

तू रिक्षात हसलीस. मग विचारलंस, "कायमचा? पुसला नाही जात?"

"नाही."

खोटं होतं ते. मी सगळं वाचलं होतं. जुन्या प्लाझ्मांना तो त्रास असायचा. नव्यांवर डाग आला तरी थोड्या वेळानं बहुतेक निघून जायचा, जरा सांभाळून खेळायचं एवढंच. हे मला माहीत होतं आणि मी तुला उलटं सांगितलं.

रिक्षा पुलावर आली तोवर तू हिशेब केला होतास. मग म्हणालीस, "म्हणजे मी प्लाझ्मा घेतला तर तुझं खेळणं बंद."

"बंदच."

"अच्छा. चलो, तुझ्या मनासारखा घे."

काहून भांडली नाहीस गं? एक पायरी चुकली तर मुलींना अख्खं गणित पुन्हा करायला लावणारी तू. मला एक प्रश्न जास्त विचारला असतास तर मी तिथेच उघडा पडलो असतो. खोटं बोलणं मला नीट जमत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

टीव्ही आला, भिंतीवर लागला. पहिल्याच दुपारी तू पडदे ओढून बसलीस आणि थोड्या वेळानं म्हणालीस, "हे काळं नाही रे, हे राखाडी आहे." मी ब्राइटनेस बदलला. ते तुझं म्हणणं खरं होतं, तो दोष टीव्हीचाच होता. पण वर्षभरानं तू जे सांगायला लागलीस ते वेगळं होतं. "हा माणूस खोलीत केव्हा आला? आत्ता तर नव्हता." मी म्हणायचो, तुला डुलकी लागली असेल. "रात्रीचे सीन दिसूनच नाही राहिले." मी रिमोट घेऊन ब्राइटनेस पार शेवटाला नेला आणि मित्रांसमोर म्हणालो, "आईच्या डोक्यात अजून प्लाझ्माच बसलाय. एलईडी असाच असतो, आई. टीव्हीचाच दोष आहे तो, काही होणार नाही त्याला."

मित्र हसले. तूही हसलीस. आणि मी सांगितलं ते तू खरं मानलंस.

त्यानंतर दोनच महिन्यांत मला पुण्याला नोकरी लागली. म्हणजे ज्या खेळण्यासाठी एवढं केलं, ते सव्वा वर्ष चाललं.

फोनवर मी विचारायचो, "पिक्चर पाहिला का?" तू म्हणायचीस, "कुठे रे, मटार सोलून राहिली आहे." कधी म्हणायचीस, "तुझ्या टीव्हीत माणसं मधूनच उगवतात, मजा नाही येत." मी हसायचो. पाच वर्षं मी हसलो, आई. मटारचा मोसम नसतानाही तू मटार सोलत होतीस, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

मग बडा फुहाऱ्याच्या बाजारातून ब्लाउजपीस घेऊन येताना डावीकडून आलेली स्कूटी तुला दिसलीच नाही. मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "यांना बाजूचं दिसत नाही का?" आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी दुसऱ्या दिवशी पोचलो, म्हणून तिथे होतो. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यात मधोमध थोडी नजर शिल्लक. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येणार नाही, उरलेली राखू. मग त्यांनी विचारलं, "माताजी, कब से ऐसा है?"

तू म्हणालीस, "जब से नया टीवी लाए। हमको लगा टीवी ही ऐसा है।"

तू ते साधेपणानं म्हणालीस. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. मी मात्र तेव्हापासून तेच ऐकतोय. त्या दुपारी शटर अर्धं पाडून तू जो टीव्ही निवडला होतास, तो घरी आला असता तर अंधारातलं दिसेनासं झाल्यावर तू टीव्हीला दोष दिला नसतास. तुला माहीत होतं त्यावर किती दिसतं ते. तू तडक डोळे दाखवायला गेली असतीस. मी तुला वाईट टीव्ही दिला, एवढंच नाही. मी तुला एक कारण दिलं, आणि त्या कारणामागे तुझे डोळे पाच वर्षं जात राहिले.

दवाखान्यातून आल्यावर मी वेड्यासारखा प्लाझ्मा शोधला. तोवर ते बनणंच बंद झालं होतं. जुना कुठे मिळेल का म्हणून नागपूरपर्यंत फोन केले. तू आतून येऊन म्हणालीस, "आता त्याचं मी काय करू, मन्या?" मी फोन ठेवला. तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. तू समोर होतीस, मनगटाला प्लास्टर, हातात गरम पाण्याचा पेला. मी म्हणालो, "औषध टाकायची वेळ झाली."

पुढच्या दिवाळीत तू मला टीव्हीसमोर बसवलंस. "उजेडातलं मला थोडंफार दिसते. अंधारातलं तेवढं तू सांग." मी सांगायला लागलो. आता ती जिना चढतेय, आता दाराशी थांबली. तू मधेच विचारायचीस, "उजेड कुठून येऊन राहिला?" आणि मला परत नीट पाहावं लागायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी पिक्चर तसा पाहिला. अर्ध्यावर ऑफिसचा फोन आला, मी गच्चीवर गेलो, परत आलो तर तू टीव्ही बंद करून बसली होतीस. "उद्या पाहू," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती. तो अर्धा पिक्चर आपण पुन्हा लावलाच नाही. त्यानंतर मी तीन दिवाळ्या आलो होतो.

मागच्या वर्षी थंडीत तुला न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत तू गेलीस. मी पोचलो तेव्हा तू कोणाशी बोलण्यासारखी नव्हतीस.

आता कालचं सांगतो. काल सकाळी मी तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तुझी फाईल काढली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आप उन्हीं के बेटे? मैंने तो तभी कहा था, बच्चे भी जाँच करवा लें।" काचबिंदू मुलांतही उतरू शकतो म्हणून ताईनं तेव्हाच तपासणी केली होती. मी म्हटलं होतं, करू.

एका यंत्राला हनुवटी टेकवून बसलो. ठिपका दिसला की बटण दाबायचं. कितीतरी वेळ ठिपकाच आला नाही. म्हणजे आला असेल. उजवा डोळा चांगला आहे. डाव्यात सुरुवात आहे, अगदी थोडी. डॉक्टर म्हणाले, एवढ्यानं टीव्हीतला माणूस दिसेनासा होत नाही, तो कदाचित खरंच झाडामागे लपला असेल. पण लवकर आलात हे बरं झालं, थेंब टाकत राहिलात तर नजर टिकेल. तुला जे मिळालं नाही ते मला मिळालं, आणि ते तुझ्यामुळे. हे मी कसं घ्यावं ते मला अजून समजलेलं नाही.

एक गोष्ट राहिली. श्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर बाबा माझ्याजवळ बसले होते. म्हणाले, "मी रोज तिच्यासोबत होतो, मन्या. तिला दिसून नाही राहिलं हे मला कसं नाही समजलं? मीच उशीर केला." मी म्हणालो, "जाऊ द्या, बाबा." त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि त्यांना तसंच समजू दिलं. गेली सहा वर्षं ते असंच समजून आहेत, आणि मी दर वेळी पाठीवर हात ठेवतो.

आई, तुझ्याजवळ कबूल करायची वेळ मी घालवली. बाबांच्या बाबतीत तसं होऊ देणार नाही. ते भाजी घेऊन येतीलच एवढ्यात. त्यांना रिक्षातलं खोटं सांगीन, ब्राइटनेसचं सांगीन, मित्रांसमोर काय बोललो तेही सांगीन. ते रागावतील, कदाचित बोलणार नाहीत काही दिवस. मी रजा वाढवून घेतली आहे. ते पुन्हा बोलेपर्यंत मी इथेच राहीन, हा शब्द तुला देतो.

फाटक वाजलं. जातो.

तुझा,
मन्या