एवान्थियाच्या हातची बिनसाखरेची कॉफी

७ ऑक्टोबर
पुन्हा उतू गेली! शेगडीभर नुसता चिखल. एवान्थियाला जाऊन सतरा दिवस झाले आणि मला अजून एक कप कॉफी करता येत नाही. एकाहत्तर वर्षांचा घोडा!

९ ऑक्टोबर
आज फेस जमला. मंद आच, भांड्यावरून नजर हटवायची नाही, फुगून काठाशी आली की झटकन खाली. गाळ बसेपर्यंत धीर धरला. एक घोट घेतला — कडू जहर! अंत्यविधीनंतर चर्चमध्ये दिली तीही अशीच लागली होती, पण तेव्हा वाटलं, दुःखानं तोंडाची चव गेलीय.

तिची अशी नसायची. आणि तीही बिनसाखरेचीच! आमचे वडील जहाजावर कप्तान. म्हणायचे, "साखर बायकांना आणि पाद्र्यांना." मी जन्मभर बिनसाखरेचीच प्यायलो, तीही फक्त घरी. लांबिसच्या कॉफीखान्यात सोंगट्या खेळलो, उझोची दारू प्यायलो, पण कॉफीला तोंड लावलं नाही. "माझ्या बायकोसारखी तुझ्या बापाला जमायची नाही," असं त्याला चारचौघांत सुनावायचो.

१२ ऑक्टोबर
इथलं, गालाक्सिदीतलं दुकान सोडून शेजारच्या इतेआहून कॉफीची पूड आणली. पाणी बदललं. तेच.

१३ ऑक्टोबर
सापडलं! ते पितळी भांडं! अंत्यविधीनंतर आमच्या लेकीनं, रोदान्थीनं, लिंबू लावून लख्ख घासलं होतं. चाळीस वर्षांची चव मोरीत! थेस्सालोनिकीला फोन करून पोरीला नको नको ते बोललो. "तुझ्या आईची एवढी एकच गोष्ट उरली होती माझ्याकडे, तीही पुसून टाकलीस!" ती एवढंच म्हणाली, "चुकलं, बाबा."

मीच फोन आपटला.

२० ऑक्टोबर
तिचा फोन नाही. मीही केला नाही. दिवसभरात एकच शब्द बोललो — पाववाल्यापुढे. "एक."

३० ऑक्टोबर
एवान्थियाचा चाळिसावा दिवस. रोदान्थी आली. चर्चमध्ये माझ्या शेजारी उभी राहिली, उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटला आणि दुपारच्या बसनं परत गेली. घरात पाऊल टाकलं नाही. मी थांब म्हणालो नाही. जीभ झडली होती का माझी?

संध्याकाळी समोरची स्तामातिया डोकावली. तिला आग्रहानं बसवून कॉफी दिली. एकट्यानं प्यायचा वीट आलाय. घोट घेतला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"अहो, साखर विसरलात!"

"या घरात बिनसाखरेचीच होते."

"तुमच्याकडे? काहीतरीच! रोज सपाट चमचा घालायची ती तुमच्या कपासाठी. गॅसवर ठेवायच्या आधीच, माझ्यादेखत. म्हणायची, यांना कडू सोसत नाही आणि गोड मागायची लाज वाटते."

ती निघाली तेव्हा मी दारापर्यंतही गेलो नाही.

३१ ऑक्टोबर
सपाट चमचा घातला. तीच! तीच चव — त्याच घासलेल्या भांड्यात! ढसाढसा रडलो. पोरीवर उगाच आळ घेतला. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. काय सांगू? तुझा बाप जन्मभर गोड पीत होता आणि कडूची फुशारकी मारत होता?

१ नोव्हेंबर
सांगितलं सगळं. रोदान्थी रडायला लागली. "मला ठाऊक होतं, बाबा. आईनं शेवटच्या दिवशी शपथ घातली होती — बाबांना कळू देऊ नकोस."